शेवटचं बेट झालं की पुढचे सहा दिवस काय करायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आई-बाबा साताऱ्याचे, वय ६८ आणि ७३. अमेरिकेत सॅन होजेला तुमच्याकडे आले होते, आणि तुम्ही त्यांना सॅन दिएगोहून निघणाऱ्या ३३ दिवसांच्या क्रूझवर बसवून दिलंत. हवाईची बेटं झाली, बोरा बोरा झालं, ताहितीचं पापेएते झालं. आता फ्रेंच पॉलिनेशियातल्याच मार्केसस द्वीपसमूहातलं नुकु हिवा एवढंच राहिलंय आणि तिथून थेट सॅन दिएगो. आई फोनवर म्हणतात, 'आता पुरे झालं रे, विमानानं ने.' बाबांना डायबेटिस आणि बीपी आहे, ते म्हणतात या बेटावर उतरायचंच नाही. बिलाचा आकडा बघून ते हबकलेत. कस्टम्समध्ये काय चालतं, काय नाही, हे तुम्हाला विचारायचंय. आणि उतरायच्या दिवशी सकाळी साडेदहाचं सॅन होजेचं विमान काढून ठेवलंय.

मी बरीच वर्षं अशा जहाजांवर गेस्ट सर्व्हिसेसच्या डेस्कवर होते. पॅसिफिकच्या या फेऱ्याही केल्या. त्यामुळे सांगते ते डेस्कच्या आतल्या बाजूनं बघितलेलं आहे. प्रत्येक कंपनीचे नियम थोडे वेगळे असतात आणि तुमच्या आई-बाबांची तब्येत मी बघितलेली नाही, तेव्हा जिथे 'अवलंबून आहे' म्हणेन तिथे जहाजावर विचारून खात्री करून घ्या.

पहिलं म्हणजे, आईंचं 'पुरे झालं' हे मी कंटाळा म्हणून घेत नाही. एवढे दिवस त्यांचा दिवस बेटांवर मोजला जात होता. परवा मोरेआ, तेरवा बोरा बोरा, आता तीन दिवसांनी अमुक. शेवटच्या बेटाशी ही मोजणी संपते आणि पुढे नुसतं निळं पाणी दिसतं. बहुतेक प्रवासी इथेच मनानं जहाजावरून उतरतात. मग पहिले चार दिवस डुलक्या काढण्यात जातात आणि बिल, धुणं, बॅगा, औषधं, कागदपत्रं, टिप अशी सगळी कामं शेवटच्या दीड दिवसात येऊन पडतात. डेस्कसमोरची रांग लिफ्टपर्यंत जाते. बहुतेक भांडणं आणि बहुतेक चुका याच दीड दिवसात होतात. म्हणून माझं सांगणं एवढंच, की क्रूझचा शेवट उतरायच्या दिवशी सुरू होत नाही. नुकु हिवाहून नांगर उचलला की तो सुरू होतो, आणि कामं पहिल्या चार दिवसांत उरकायची.

आता विमानाचं. नुकु हिवावर विमानतळ आहे, पण तो बेटाच्या दुसऱ्या टोकाला आहे, डोंगरातून दीडेक तासाचा रस्ता. तिथून पापेएतेला जायचं आणि पापेएतेहून अमेरिकेला, म्हणजे आणखी आठेक तास. मध्येच उतरायचं तर जहाजाची आगाऊ परवानगी लागते, कागदपत्रं बदलावी लागतात, सामान खाली काढावं लागतं आणि क्रूझचे पैसे परत मिळत नाहीत. डॉक्टरनं सांगितलं असेल तर हे सगळं करा, हयगय करू नका. नुसतं मन लागत नाही म्हणून करू नका. त्या धावपळीत दोघं जास्त थकतील.

डॉक्टरचा विषय निघालाच आहे, तर हा भाग नीट वाचा. नुकु हिवा ते सॅन दिएगो हे अंतर साधारण २८०० सागरी मैल आहे. १८-१९ नॉट्सनं, म्हणजे ताशी तेवढ्याच सागरी मैलांनी, जायला सहा दिवस आणि वर काही तास. या पट्ट्यात मध्ये एकही बंदर नाही. किनाऱ्याजवळ असताना हेलिकॉप्टर येऊन पेशंटला उचलून नेतं, इथे तेही बहुतेक वाटेत शक्य नसतं. जहाजावर डॉक्टर, नर्स, ईसीजी, प्राथमिक तपासण्या सगळं असतं, पण ऑपरेशन थिएटर नसतं. नुकु हिवाच्या तायोहाए गावात मात्र छोटं का होईना, हॉस्पिटल आहे. म्हणून बाबांच्या पायाला जखम असेल, छातीत जड वाटत असेल, साखर दोन दिवस वर-खाली होत असेल, तर जहाज निघायच्या आधी मेडिकल सेंटरमध्ये दाखवायचं. आपल्याकडचे ज्येष्ठ लोक 'कशाला त्यांना त्रास' म्हणून अंगावर काढतात, आणि जहाजाच्या दवाखान्याचं बिल मोठं असतं म्हणून आणखीच काढतात. तुम्ही फोनवर स्पष्ट सांगा, की पैशाचं मी बघतो, तुम्ही दाखवून या. दाखवलं तर निघताना डॉक्टरची नोंद आणि कलमवार बिल मागून घ्यायचं. इन्शुरन्सचा क्लेम करताना नुसती क्रेडिट कार्डची पावती चालत नाही, आणि घरी गेल्यावर जहाजाकडून तो कागद मागवायला महिने जातात.

औषधंही आजच मोजायला सांगा. उतरायच्या दिवसापर्यंत पुरून वर निदान चार-पाच दिवसांची उरली पाहिजेत. कमी पडत असतील तर तसंही आत्ताच डॉक्टरना सांगायचं, पाचव्या दिवशी नाही.

बाबांनी नुकु हिवावर उतरावं का? इथे खरंच परिस्थितीवर अवलंबून आहे. जहाज धक्क्याला लागत नाही. तायोहाएच्या खाडीत नांगर टाकतं आणि लाइफबोटीतून लोकांना किनाऱ्यावर नेतात, यालाच टेंडर म्हणतात. खाडीचं तोंड दक्षिणेला उघडं आहे, त्यामुळे दक्षिणेकडची लाट आली की जहाजाचा प्लॅटफॉर्म आणि टेंडर एकाच वेळी वर-खाली होत नाहीत. कधी पाऊल सरळ पडतं, कधी फूटभर खाली. दोन्ही बाजूंना खलाशी उभे असतात, ते मनगटाच्या वर धरतात आणि 'आता' म्हटल्यावरच पाऊल टाकायचं असतं. आपण घाबरून त्यांचे हात झटकतो किंवा आपणच त्यांना धरायला जातो, तिथे गडबड होते. बाबांना दोन पायऱ्या आधाराशिवाय चढता-उतरता येत असतील तर काही अडचण नाही. गुडघा दगा देत असेल तर सकाळी डेकवरून बघायचं, टेंडर किती हलतंय, आणि मग ठरवायचं. जास्त लाट असेल तर काही वेळा कॅप्टन स्वतःच टेंडर बंद करतो.

जमणार असेल तर मात्र नक्की उतरा, असं माझं मत. मार्केसस २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. बोरा बोरासारखं खारकच्छ (लगून, प्रवाळानं अडवलेलं उथळ शांत पाणी) आणि पाण्यावरच्या झोपड्या इथे नाहीत. काळे कडे सरळ समुद्रात उतरतात आणि गाव अगदी शांत आहे. खाडीच्या काठचा रस्ता बऱ्यापैकी सपाट आहे, चर्चपर्यंत रमतगमत जाता येतं. मार्केससच्या वेगवेगळ्या बेटांवरचे दगड आणून ते बांधलंय आणि आतलं लाकडी कोरीवकाम आईंना आवडेल. धक्क्याजवळच स्थानिक लोक लाकडाच्या, हाडाच्या कोरीव वस्तू मांडून बसतात. पहिल्या टेंडरला सहलीवाल्यांची झुंबड असते आणि शेवटच्या टेंडरला उन्हातली रांग. दहाच्या सुमारास जा, दीड-दोन तासांत परत या. एवढ्यानं दोघांचं मन भरतं आणि पायही राहतात.

एक गोष्ट विसरू नका. तिथे 'नोनो' नावाच्या बारीक माश्या आहेत, डासापेक्षाही लहान. चावतात तेव्हा फारसं कळत नाही. दुसऱ्या दिवशी घोट्याभोवती लाल गांधी उठतात आणि आठवडाभर खाज सुटते. खाजवलं की जखम, आणि डायबेटिसवाल्या माणसाच्या पायाला जखम म्हणजे पुढे समुद्रातले सहा दिवस काळजी. पूर्ण पँट, मोजे, उघड्या अंगाला डासांचं औषध. आईंनी साडीखाली मोजे घातले तर कोणी हसणार नाही. परत आल्यावर साबणानं पाय धुवायचे आणि बाबांचे पाय, बोटांच्या बेचक्यांसकट, आईंनी उजेडात बघायचे.

पॉलिनेशियाचे फ्रँक उरले असतील तर तेही तिथेच संपवा. हा फ्रँक युरोला बांधलेला आहे, १००० फ्रँक म्हणजे ८.३८ युरो. अमेरिकेत ती नाणी कोणी बदलून देत नाही. किनाऱ्यावर पाणी, पोस्टकार्ड, नाहीतर चर्चच्या पेटीत.

आता समुद्रातले दिवस. बाबांना कदाचित वाटेल की सगळे दिवस सारखेच असतील. तसं नसतं. साधारण दीड दिवसानं जहाज विषुववृत्त ओलांडतं, तोवर उकाडा. त्याच्या थोडं वर ढग, दमट हवा आणि अचानक सरी. मग ईशान्येकडचे व्यापारी वारे लागतात, आणि जहाजही ईशान्येलाच चाललेलं असतं, म्हणजे वारा नि लाट सरळ नाकावर. जहाज पुढून-मागून डोलायला लागतं, स्विमिंग पूल रिकामे करतात, कधी उघडे डेकही बंद करतात. शेवटचे दीड-दोन दिवस कॅलिफोर्नियाच्या थंड प्रवाहाच्या पाण्यावरून असतात आणि हवा एकदम बदलते. महिनाभर सुती कपड्यात काढल्यावर लोकांनी स्वेटर बॅगेच्या तळाशी घातलेला असतो आणि बॅग सगळ्यात आधी भरलेली असते. आईंना सांगा, स्वेटर आणि शाल वरच ठेवा.

या डोलण्याच्या दिवसांत मळमळीपेक्षा मला पडण्याची भीती जास्त वाटते. ज्येष्ठ प्रवाशांचे जे अपघात आमच्यापर्यंत यायचे, त्यात बाथरूममधला उंबरा आणि रात्री अंधारात उठणं ही दोन कारणं वारंवार असायची. जहाजाच्या बाथरूमला उंबरा असतो, दिवसा तो लक्षात राहतो, रात्री दोन वाजता राहत नाही. बाथरूमचा दिवा चालू ठेवून दार किलकिलं ठेवायचं. मळमळीवर आलं, हिरवं सफरचंद, कोरडी बिस्किटं, आणि जहाजाच्या मधल्या भागात खालच्या डेकवर बसणं. मळमळीच्या गोळ्या डेस्कवर सहज मिळतात, पण त्यांनी गुंगी येते आणि बीपीच्या माणसाला तोल जायला तेवढंच निमित्त पुरतं. बाबांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

वेळेचीही एक गंमत. मार्केससचं घड्याळ जागतिक वेळेच्या साडेनऊ तास मागे, आपलं साडेपाच तास पुढे. म्हणजे नुकु हिवात असताना साताऱ्याशी बरोबर १५ तासांचा फरक, मिनिटांची भानगड नाही. तिथून सॅन दिएगोला जाईपर्यंत घड्याळ हिवाळ्यात दीड तास पुढे जातं, उन्हाळी वेळ चालू असेल तर अडीच. अर्ध्या तासाचं काय करायचं हे प्रत्येक जहाज आपापलं ठरवतं. रोज संध्याकाळी केबिनमध्ये येणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेत ते लिहिलेलं असतं. बाबांच्या इन्सुलिनच्या किंवा गोळ्यांच्या वेळा त्यानुसार हळूहळू सरकवायच्या, हे डॉक्टरला आधीच विचारून ठेवा.

कामांचा क्रम आता सांगते. पहिल्या दिवशी काही नाही, विश्रांती आणि पाय बघणं. दुसऱ्या दिवशी धुणं आणि बिल. जहाजाची लाँड्री शेवटचे दोन दिवस कपडे घेणं बंद करते, आणि स्वतः धुवायच्या मशीनसमोर मग भांडणं लागतात. तिसऱ्या दिवशी खरेदीच्या पावत्या, कस्टम्सची यादी आणि उतरताना व्हीलचेअर लागणार असेल तर तिची नोंद. व्हीलचेअर ढकलणारी माणसं मोजकी असतात, उशिरा सांगितलं की तास-दीड तास बसून राहावं लागतं. चौथ्या दिवशी मोठी बॅग भरून टाकायची. पुढचे दिवस मोकळे.

बिलाबद्दल थोडं सविस्तर, कारण बाबा तिथेच अडकलेत. बहुतेक जहाजांवर टिप रोज माणशी आपोआप लावतात, बऱ्याच मोठ्या कंपन्यांत ती १६ ते २० डॉलरच्या आसपास असते. १७ डॉलर धरले तर ३३ दिवसांचे दोघांचे ११२२ डॉलर होतात. तुम्ही तिकीट काढताना ती आधीच भरली असेल तर ती बिलात येता कामा नये, आली असेल तर काढून घ्या. नसेल भरली तर बाबांना आकड्याचा धक्का बसणं साहजिक आहे, पण त्यात चोरी नाही. शेवटच्या रात्री बरेच जण ती टिप काढायला लावायला डेस्कवर येतात. मी त्याच खात्यातली, तेव्हा माझं मत एकतर्फी समजा हवं तर, पण मला ते पटत नाही. केबिन साफ करणारा, भांडी घासणारा, लाँड्रीतला, यांच्या कमाईत त्या पैशाचा वाटा असतो. सेवेत खरंच कमी असेल तर दुसऱ्याच दिवशी तक्रार करायची, म्हणजे सुधारताही येते.

खऱ्या चुका निघतात त्या वेगळ्या ठिकाणी. रद्द झालेल्या सहलीचे पैसे परत आलेले नसतात. एखादं बंदर चुकलं असेल तर त्याचा बंदर-कर परत जमा व्हायचा राहिलेला असतो. शेजारच्या केबिनचं पेय यांच्या नावावर पडलेलं असतं. आणि सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे ऑनबोर्ड क्रेडिट, जहाजावरच खर्च करायची रक्कम. तिकिटाबरोबर मिळालेलं हे क्रेडिट बऱ्याचदा परत न मिळणारं असतं, शेवटच्या रात्री उरलं की गेलं. बाबांना म्हणावं, दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास नाहीतर रात्री साडेदहानंतर डेस्कवर जा, छापील प्रत मागा आणि शांतपणे पेन घेऊन बसा. नाश्त्यानंतरच्या तासात जाऊ नका, तेव्हा सगळं जहाज तिथेच असतं. शंका असलेल्या ओळींवर खूण करून परत त्याच माणसाकडे गेलात तर काम लवकर होतं. साताऱ्याहून आलेत म्हटल्यावर डेस्कवर किंवा जेवणघरात एखादा कोकणातला, गोव्याचा, वसईचा मुलगा भेटेल. जहाजांवर आपली बरीच मंडळी असतात.

केबिन स्टुअर्डला वेगळं काही द्यायचं असेल तर शेवटच्या आदल्या दिवशी, पाकिटातून, हातात. उतरायच्या सकाळी देऊ म्हटलं तर तो सापडत नाही. दुपारी नवे प्रवासी चढणार असतात, आणि त्याच्याकडे तोपर्यंत सगळ्या केबिन तयार करायच्या असतात. आम्ही त्याला टर्नअराउंड डे म्हणतो आणि त्या दिवशी कोणाला धड जेवायलाही मिळत नाही.

जेवणाचं विचारलं नाहीत, तरी सांगते. पापेएतेनंतर ताजा पालेभाजीचा माल फारसा चढत नाही, त्यामुळे शेवटी सॅलडची तऱ्हा बदलते, फळांत कलिंगड आणि सफरचंदच उरतात. आईंना त्याचंही अप्रूप संपलं असेल. हेड वेटरला आदल्या दिवशी सांगितलं तर साधं वरण, भात, एखादी भाजी बहुतेक जहाजांवर करून देतात. क्रूच्या मेसमध्ये आमच्यासाठी डाळ-भात रोज होतोच, प्रवाशांनी मागितलं तर काही किचन खुशीनं देतात. 'मसाला कमी, तूप असेल तर' एवढं सांगायचं.

मन लागत नाही त्याला एकच उपाय सुचवते, तो बाबांसाठी. विषुववृत्ताच्या दक्षिणेला ध्रुवतारा दिसत नाही. उत्तरेला आल्यावर तो क्षितिजावर येतो आणि रोज रात्री साडेसहा-सात अंशांनी वर चढतो, कारण आपण जितक्या अक्षांशावर तितका तो क्षितिजापासून उंच. साधारण चौथ्या रात्री तो साताऱ्याच्या अंगणातून दिसतो तितक्याच उंचीवर असेल. पुढच्या डेकवर दिवे कमी असतात, ढग नसतील तर तिथून बघावं. नंबर नाही, तिकीट नाही, आणि बेटांची मोजणी संपली त्या जागी रोज रात्री मोजायला काहीतरी मिळतं. आईंना असल्या गोष्टींत रस नसेल तर त्यांच्यासाठी हवाईयन नाच किंवा उकुलेलेचा वर्ग. या फेऱ्यांवर तो बहुतेक असतोच आणि शेवटच्या दिवसांत शिकणाऱ्यांचा छोटा कार्यक्रमही होतो.

कस्टम्स. अमेरिकेत परत येताना माणशी ८०० डॉलरपर्यंतच्या वस्तूंना साधारण सूट असते. ती अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे. पाहुणे म्हणून आलेल्यांना भेटवस्तूंची मर्यादा वेगळी आणि बरीच कमी असते, त्यामुळे आई-बाबांनी खरेदीची यादी आणि पावत्या घेऊन सरळ जाहीर करावं. काळे मोती घेतले असतील तर पावती हाताशी हवीच. लाकडी वस्तू सांगायच्या, साल नसलेली आणि कीड नसलेली असेल तर सहसा अडवत नाहीत. किनाऱ्यावरून उचललेलं प्रवाळ किंवा मोठे शिंपले मात्र आणू नका, त्यावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. पण या सगळ्यापेक्षा जास्त लोक अडकतात ते केळ्यापायी. सकाळच्या बुफेतून 'वाटेत लागेल' म्हणून पर्समध्ये टाकलेलं केळं किंवा सफरचंद. बंदरावर कुत्रा घेऊन अधिकारी फिरत असतो, कुत्रा येऊन पर्सशी बसतो आणि दंडाची गोष्ट सुरू होते. जहाजावरचं कोणतंही फळ, भाजी, मांस, सँडविच खाली न्यायचं नाही. आईंना दोनदा सांगा, कारण अन्न वाया घालवायचं नाही हे त्यांच्या हाडात असणार.

इमिग्रेशनला अधिकारी चेहरा आणि पासपोर्ट बघून प्रत्येकाला नव्यानं प्रवेश देतो. व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे याची खात्री जहाजानं चढतानाच केलेली असणार. तरी दोघांच्या हातात परतीच्या भारताच्या तिकिटाची प्रत, तुमचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहिलेला हवा, मोबाइलच्या भरवशावर नको. किती दिवस राहू देणार ते अधिकारी तेव्हाच ठरवतो, आधीचे सहा महिने तसेच पुढे चालू राहतील असं धरू नका. घरी गेल्यावर तुम्ही दोघांची आय-९४ नोंद (अमेरिकेत कधी आले आणि कधीपर्यंत राहू शकतात याची सरकारी नोंद) ऑनलाइन बघा आणि तारीख लिहून ठेवा.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा रंगीत पट्टी लावून केबिनबाहेर ठेवायच्या, साधारण दहा-अकराच्या आत. त्या उचलून नेतात आणि थेट टर्मिनलमध्ये मिळतात. म्हणजे सकाळी केबिनमध्ये फक्त तुम्ही आणि तुमची हातपिशवी. एकदा एक गृहस्थ सकाळी सात वाजता बाथरोबमध्ये डेस्कवर आले, वर इस्त्रीचा शर्ट आणि ब्लेझर. पँट बॅगेत आणि बॅग जहाजाच्या पोटात. शेवटी क्रू स्टोअरमधून वेटरची काळी पँट आणून दिली, ती घोट्याच्या चार बोटं वर राहिली आणि बिचारे तसेच इमिग्रेशनला उभे राहिले. म्हणून बाहेर काय ठेवायचं ते आधी ठरवा: उद्याचे सगळे कपडे, चपला, स्वेटर, औषधं, कवळी, चष्मा, पासपोर्ट, पैसे, दागिने, चार्जर. केबिनच्या तिजोरीत पासपोर्ट आणि मंगळसूत्र विसरणारे दर फेरीला निघतात. त्याला जुना उपाय म्हणजे रात्री उद्या घालायची एक चप्पल तिजोरीत ठेवायची. अनवाणी कोणी बाहेर पडत नाही.

उतरल्यावर दोघांना जमीन डोलते असं वाटेल, विशेषतः आंघोळ करताना आणि रांगेत उभं असताना. एक-दोन दिवसांत बहुतेकांचं जातं. आठवडा उलटला तरी राहिलं किंवा एका बाजूला तोल जात असेल तर डॉक्टरला दाखवा.

आणि तुमचं साडेदहाचं विमान. सॅन दिएगोचा विमानतळ क्रूझ टर्मिनलपासून तीनेक मैलांवर, टॅक्सीनं दहा-पंधरा मिनिटं. अडचण अंतराची नाही. जहाज सातला धक्क्याला लागलं तरी इमिग्रेशन सुरू व्हायला वेळ लागतो, रंगाप्रमाणे गट सोडतात, व्हीलचेअर घेतली तर आणखी थांबायचं, आणि धुकं किंवा समोरचा वारा असेल तर जहाजच तासभर उशिरा येतं. सगळं जुळून आलं तर साडेदहाचं मिळेलही, पण दोन ज्येष्ठ माणसांच्या जिवावर हा जुगार खेळू नका. दुपारी एकनंतरचं घ्या, आणि आजच बदला, कारण ते जहाज रिकामं होणार त्या दिवशी दुपारच्या विमानांना बाकीचेही असतात.